मुलीने टायपिंगचा क्लास लावावा का?

प्रश्न : आम्ही दारव्हा तालुक्यातील एका लहान गावात राहतो. शेती कोरडवाहू आहे. मुलगी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असून तालुक्याच्या ठिकाणी टायपिंगचा क्लास लावायचा म्हणते. सहा महिन्यांत प्रमाणपत्र मिळते आणि मग नोकरी पक्की, असे क्लासवाले सांगतात. घरी कॉम्प्युटर नाही आणि मुलीने तो शाळेत लांबूनच पाहिला आहे. शेजारचा मुलगा म्हणतो, आता मोबाइलपुढे बोलले की आपोआप लिहून येते, टायपिंग शिकून काय करायचे? फी भरावी का? आणि कर्ज काढून लॅपटॉप घ्यावा का?
– एक पालक

उत्तर : सप्रेम नमस्कार.

फी भरावी, लॅपटॉपसाठी कर्ज मुळीच काढू नये, आणि ‘नोकरी पक्की’ हे शब्द ऐकून सोडून द्यावेत. टायपिंगच्या प्रमाणपत्रावर नोकरी मिळत नाही, पण ते नसेल तर काही नोकऱ्यांचा अर्जसुद्धा भरता येत नाही, हा त्यातला खरा भाग आहे. राज्य शासनातील लिपिक-टंकलेखक पदासाठी पदवीसोबत मराठी टंकलेखनाचे मिनिटाला किमान 30 शब्दांचे किंवा इंग्रजीचे किमान 40 शब्दांचे शासकीय प्रमाणपत्र मागितले जाते. हे प्रमाणपत्र पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेतून, म्हणजे सगळे जिला ‘जीसीसी-टीबीसी’ म्हणतात त्या परीक्षेतून मिळते. तुमच्या मुलीची पदवी पूर्ण व्हायला अजून अवकाश आहे, त्यामुळे पदवी हातात येईपर्यंत हे काम सावकाश पण नीट उरकता येईल.

येथे एका गोष्टीकडे लक्ष द्यावे, कारण तिच्यात पुष्कळ मुले फसतात. परिषदेची परीक्षा 30 आणि 40 अशा दोन्ही वेगांची असते. इंग्रजी सोपे म्हणून मुले आधी इंग्रजी 30 करतात आणि आपले टायपिंग झाले असे समजून थांबतात. अर्ज भरायच्या वेळी लक्षात येते की इंग्रजीचा 30 चा वेग लिपिक-टंकलेखक पदाला चालत नाही, तेथे 40 लागतो. मराठीचा 30 मात्र चालतो. म्हणून माझा सल्ला असा की बोटे बसवण्यासाठी पहिला महिनाभर इंग्रजीचा सराव करावा, प्रमाणपत्र मात्र आधी मराठी 30 चे घ्यावे आणि त्यानंतर थेट इंग्रजी 40 चे ध्येय ठेवावे. केंद्राच्या नोकऱ्यांचा विचार असेल तर नुसते मराठी टायपिंग पुरत नाही, असेच म्हणावे लागेल. कर्मचारी निवड आयोगाच्या बारावी पातळीवरील लिपिक पदाच्या कौशल्य चाचणीत इंग्रजीचे 35 किंवा हिंदीचे 30 शब्द मागतात, मराठीची सोय तेथे नाही. इंग्रजीचे 35 शब्द म्हणजे तासाला 10,500 वेळा कळ दाबणे, अर्थात सेकंदाला जवळजवळ तीन. हा वेग ऐकायला मोठा वाटतो, परंतु साधारण बुद्धीच्या आणि नियमित सराव करणाऱ्या मुलीला तो येतो.

नियमित सराव म्हणजे काय, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण क्लासमध्ये ते नेहमीच सांगितले जाते असे नाही. कीबोर्डवर एफ आणि जे या दोन कळांवर बोटाला लागेल असा बारीक उंचवटा असतो. डाव्या हाताची तर्जनी एफवर, उजव्या हाताची जेवर, बाकीची बोटे त्यांच्या शेजारी ओळीने आणि दोन्ही अंगठे खालच्या लांब पट्टीवर, ही हातांची मूळ जागा होय. प्रत्येक बोटाला वरच्या-खालच्या ठराविक कळा वाटून दिलेल्या असतात आणि कळ दाबून झाली की बोटाने आपल्या जागी परत यायचे असते. हे सर्व खाली न पाहता करायचे आहे. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे मुलीला फार जड जातील. दोन बोटांनी शोधून टाइप करणारी मैत्रीण तिच्या पुढे गेलेली दिसेल आणि चोरून खाली पाहण्याचा मोह होईल. त्या दिवसांत हातांवर रुमाल टाकून सराव करणे हा जुन्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधला उपाय आजही उत्तम आहे. दुसरे असे की पहिल्या दोन महिन्यांत वेग मोजूच नये, चुका मोजाव्यात. चुकीच्या बोटाची सवय एकदा मुरली की ती मोडायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ जातो. रोज पाऊण तास बसावे. रविवारी सलग चार तास बसून आठवड्याची भरपाई होत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत तिला शेतात यावे लागेल हे मी समजू शकतो, पण त्या काळातही अर्धा तास तरी सुटू नये.

मराठीचा मामला थोडा निराळा आहे. मराठी टाइप करण्याच्या मुख्य पद्धती दोन आहेत. ‘रेमिंग्टन’ ही जुन्या टाइपरायटरवरून आलेली असून तिच्यात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी द्यावी लागते. ‘इनस्क्रिप्ट’ हा भारतीय भाषांसाठी ठरवलेला मानक आराखडा असून तो विंडोजमध्ये मराठी भाषा निवडली की वेगळे काही विकत न घेता मिळतो. त्यात उच्चाराप्रमाणे आधी अक्षर आणि मग वेलांटी येते. इनस्क्रिप्टमध्ये स्वर व मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असल्याने हातांची लय लवकर लागते. एक उदाहरण देतो. ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द सरकारी कागदांत हरघडी येतो. त्यातला ‘ऱ्या’ काढण्यासाठी डाव्या करंगळीने शिफ्ट धरून उजव्या तर्जनीने जे, मग डी, मग स्लॅश आणि शेवटी ई अशा कळा येतात. शिफ्ट विसरला की ‘य’वर रफार चढतो आणि शब्द ‘शेतकर्यांच्या’ असा होतो. असे कागद गावोगाव फिरताना आपण पाहतोच.

या दोहोंपैकी कोणती पद्धत शिकवणार आणि परीक्षा कोणत्या पद्धतीवर होणार, हे फी भरण्याआधी क्लासमध्ये विचारून घ्यावे. दोन्ही एकदम शिकू नयेत. निवड करता येत असेल तर मी इनस्क्रिप्ट निवडायला सांगेन, कारण त्यातून निघणारा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या एकाच अक्षरसंकेतात असतो आणि कोणत्याही संगणकावर जसाच्या तसा उघडतो. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेले पत्र तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा काला होऊन दिसते.

मुलीने संगणक हाताळलेलाच नाही, तेव्हा माउसचाही विचार हवा. मोबाइलवर वाढलेल्या मुलांना सगळीकडे बोट टेकवण्याची सवय असते आणि माउसवर कुठे एकदा दाबायचे व कुठे दोनदा, यात ती गोंधळतात. फोल्डर उघडायला डावे बटण पटकन दोनदा दाबावे लागते, वेबसाइटवरील दुव्याला मात्र एकदाच. ऑनलाइन अर्जात ‘सबमिट’वर घाईने दोनदा दाबले की घोटाळा होऊ शकतो. उजव्या बटणाची यादी, मजकूर ओढून निवडणे, मधले चाक फिरवणे, एवढे पंधरा दिवसांत येते. त्यासोबत कंट्रोल आणि सी, व्ही, झेड, एस या जोड्या शिकाव्यात; त्यांनी अनुक्रमे मजकुराची नक्कल घेणे, ती चिकटवणे, चूक मागे घेणे आणि काम जतन करणे होते. हल्ली बहुतेक स्पर्धा परीक्षा संगणकावर होतात, तेव्हा उत्तर येत असूनही माउसवर हात अडखळला म्हणून वेळ जाऊ नये.

आता लॅपटॉपचे पाहू. त्याऐवजी यूएसबीचा साधा कीबोर्ड आणि ओटीजी नावाची छोटी जोडणी घ्यावी. हे सारे काही शे रुपयांचे काम आहे. बहुतेक अँड्रॉइड फोनला असा कीबोर्ड सरळ जोडता येतो आणि घरी इंग्रजीचा सराव होतो. गावात वीज गेली तरी फोनच्या बॅटरीवर तो चालतो, ही आपल्याकडे लहान सोय नव्हे. फोन डोळ्यांसमोर येईल असा काहीतरी टेकू द्यावा, कोपर काटकोनात राहावे आणि मनगट खाली दबू नये, इतके पाहावे. मराठीचा सराव क्लासमध्येच होऊ द्यावा. एमएस-सीआयटी हा वेगळा अभ्यासक्रम आहे, त्याने टायपिंगची अट पूर्ण होत नाही. तो केव्हा करायचा ते पुढे जाहिरात वाचून ठरवता येईल.

शेजारच्या मुलाचे म्हणणे अगदीच खोटे नाही. बोलून लिहिण्याची सोय खरोखर सुधारली आहे. परंतु परीक्षेच्या खोलीत कोणी बोलू देणार नाही, आणि लोकसेवा आयोग लिपिक-टंकलेखक पदासाठी संगणकावर कौशल्य चाचणीही घेतो, म्हणजे नुसता कागद दाखवून भागत नाही. शिवाय ज्या सेतू केंद्रात दहा माणसे एकाच वेळी बोलत असतात, तेथे सात-बाऱ्यावरील नाव, गट क्रमांक आणि आडनाव फोनला सांगून बिनचूक लिहवून घेणे किती जमते, हे त्याने एकदा करून पाहावे. बोलून आलेल्या मजकुरातील चुकाही अखेर बोटांनीच दुरुस्त कराव्या लागतात.

फी भरण्याआधी तुम्ही स्वतः मुलीसोबत एकदा क्लासला जाऊन यावे. एसटीत महिलांना निम्मे तिकीट असल्याने तिचा रोजचा खर्चही त्याच दिवशी समजेल. संस्थेला परीक्षा परिषदेची मान्यता आहे का, ते मान्यतेचे पत्र पाहूनच ठरवावे. प्रत्येक मुलाला स्वतंत्र संगणक मिळतो की एकावर दोघे बसतात, वीज गेल्यावर इन्व्हर्टर आहे का आणि परीक्षा शुल्क फीमध्ये धरले आहे का, हेही विचारावे. एकरकमी पैसे मागत असतील तर हप्ते पाडून मागावेत आणि प्रत्येक हप्त्याची पावती घ्यावी. एका संगणकावर दोन मुले बसवली जात असतील तर शेजारच्या तालुक्याचा क्लास थोडा लांब पडला तरी तो पाहावा.