वाचकांचे प्रश्न: जुना पिकअप कमी खर्चात उभा करताना

जुन्या पिकअपविषयी आलेल्या पत्रांत बहुतेकांची अडचण एकच आहे: पैसे मोजके, कामं भरपूर, सुरुवात कुठून करायची? पैसे ज्या क्रमाने खर्च व्हायला हवेत, साधारण त्याच क्रमाने खालचे प्रश्न लावले आहेत. रंगाचा प्रश्न म्हणूनच शेवटी आला आहे.

प्रश्न: वीस-बावीस वर्षांचा डिझेल पिकअप पाहून ठेवला आहे. इंजिनाचा आवाज चांगला आहे, रंगही बरा आहे. घेण्याआधी नेमकं काय तपासू?

गाडीखाली शिरा आणि चेसिस (गाडीचा लोखंडी सांगाडा) पाहा. इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, पण कुजलेली चेसिस कमी खर्चाचं गणित पहिल्याच महिन्यात मोडते. गंज ठरावीक जागी धरतो: मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर जिथे रिव्हेट केलेले असतात तिथे, मागच्या अ‍ॅक्सलच्या वर जिथे चेसिस कमानीसारखी उचललेली असते तिथे, केबिनच्या मागच्या माउंटिंगपाशी आणि स्टेपनी टांगतात त्या आडव्या पट्टीवर. लहान हातोडीने ठोकत पुढे जा. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द वाजतं. शंका आली की तिथे पेचकस जोर लावून दाबा. वरवरचा तांबूस गंज घाबरण्यासारखा नसतो, पापुद्रे सुटत असतील तर मात्र जाडी गेलेली असते. सगळी गाडी जुनी आणि खालून फक्त ताजं काळं डांबरी कोटिंग, असं दिसलं तर त्या कोटिंगखाली काय आहे हे कळेपर्यंत व्यवहार करू नका.

नंतर चेसिसवरच्या चार ठरावीक बिंदूंमधले दोन्ही कर्ण टेपने मोजा. पाच-सहा मिलिमीटरांपेक्षा जास्त फरक असेल तर गाडीला कधीतरी मोठा मार बसलेला असू शकतो. स्टिअरिंग बॉक्सची जागा किंवा दोन्हीकडचे पाट्यांचे हँगर कुजले असतील, तर गाडी सोडून द्या.

इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहा. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवलं असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. थंड सेल्फ (स्टार्टर), पहिला धूर आणि ऑइलचं झाकण उघडल्यावर येणारा फुंकारा, या तीन गोष्टी बरंच सांगतात. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब) मोजता आलं तर उत्तमच. चांगल्या स्थितीतल्या बहुतेक जुन्या डिझेल इंजिनांत ते २५ ते ३० बारच्या आसपास मिळतं. नेमका आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये पाहावा, पण सिलिंडर-सिलिंडरमधला फरक जास्त महत्त्वाचा. तो ५ बारच्या पुढे गेला तर इंजिन उघडावं लागेल असं धरूनच भाव करा. पेट्रोल इंजिनात कमी आकडा आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. डिझेलमध्ये हा प्रयोग टाळा. तिथली ज्वलनाची जागा इतकी लहान असते की ऑइलमुळेच आकडा फुगतो.

प्रश्न: चेसिसला एका जागी तळहाताएवढं भोक पडलं आहे. फायबर आणि रेझिन लावून भरलं तर चालेल का?

नाही. फायबर भोक झाकतं, भार घेत नाही. कुजलेला भाग निरोगी लोखंड लागेपर्यंत कापून काढा आणि मूळ पत्र्याच्याच जाडीचा तुकडा बसवा. कोपरे गोल ठेवा, कारण टोकदार कोपऱ्यातून तडा सुरू होतो. वरून मजबुतीसाठी दुसरी पट्टी लावायची असेल तर तिची टोकं सरळ न कापता तिरकी किंवा माशाच्या शेपटीसारखी कापा. सरळ आडवं वेल्डिंग एकाच रेषेत चेसिस कमजोर करतं. वाकण्याचा सगळ्यात जास्त ताण वरच्या आणि खालच्या कडांवर येतो, तेव्हा त्या कडांवर भोकं पाडू नका. तिथेच कापावं लागत असेल, तर काम चेसिस वेल्डिंगचा अनुभव असलेल्या माणसाकडेच द्या. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, डायनॅमोची जोडणी सोडा, डिझेलचे पाइप आणि ब्रेक लाइन बाजूला घ्या.

गंजाचं बाकी काम वेळखाऊ असलं तरी स्वस्त आहे. तारेच्या ब्रशने सुटा गंज काढा, ग्रीस धुऊन टाका, खड्ड्यांत उरलेल्या गंजावरच फॉस्फोरिक आम्लाचा रस्ट कन्व्हर्टर लावा. तो पूर्ण वाळला की इपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि त्यावर रंग. साधा प्रायमर सच्छिद्र असतो, ओल पिऊन घेतो आणि सहा महिन्यांत रंगाला फोड येतात. चेसिसच्या पोकळ भागात लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स फवारा. पाणी निघून जाण्याची भोकं मात्र मोकळी ठेवा. ती बुजली तर आतून कुजणं सुरूच राहतं.

प्रश्न: बॅटरी नवी आहे, तरी सेल्फ जड फिरतो. हेडलाइट पिवळट आहेत. ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटरही मंद पेटतो. पूर्ण वायरिंग बदलावं का?

इतक्यात नको. ही तिन्ही लक्षणं बहुधा खराब अर्थिंगची (प्रवाह लोखंडातून बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीची) आहेत. चेसिस नुकतीच रंगवली असेल, तर अर्थिंगचा वायसर रंगावर बसवल्यानेही हेच होतं.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावरच टेकवा, क्लॅम्पवर नको. लाल पिन इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत असायला हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर इंजिनाची अर्थिंग पट्टी किंवा तिची बैठक खराब आहे. आता लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर आणि काळी सेल्फच्या जाड बोल्टवर ठेवून तसंच करा. इथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. ही तपासणी ओहम मोजून होत नाही. मीटर अगदी क्षीण प्रवाह सोडतो, त्यामुळे चार तारांवर टिकलेली केबलही त्याला ठणठणीत वाटते. सेल्फ मात्र २०० अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढतो. केबलमध्ये एक शतांश ओहम जरी अडथळा असला, तरी २ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात.

इंडिकेटरचं कारणही हेच. मागच्या दिव्याची अर्थिंग तुटली की ब्रेकच्या बल्बमधला प्रवाह परतीची वाट शोधत शेजारच्या बल्बमधून जातो. तीन जागी नव्या पट्ट्या लावा: बॅटरी ते इंजिन, इंजिन ते चेसिस, चेसिस ते केबिन. मागच्या दिव्यांना चेसिसपासून वेगळी तार द्या. प्रत्येक बैठकीखालचा रंग घासून लोखंड चमकवा, बोल्ट आवळा आणि मगच वरून ग्रीस लावा. त्यानंतर इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळतात का ते पाहा.

हेडलाइटसाठी सगळ्यात स्वस्त आणि खरोखर उपयोगी सुधारणा म्हणजे रिले, म्हणजेच थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच. जुन्या गाड्यांत बहुतेक वेळा सगळा प्रवाह डॅशबोर्डच्या स्विचमधून फिरून येतो. बल्बपाशी व्होल्टेज १० टक्के घटलं तर उजेड सुमारे ३० टक्के घटतो. डिपर आणि अपरसाठी ३० अँपिअरचा एकेक रिले घ्या. बॅटरीपासून २.५ चौरस मिलिमीटरच्या दोन तारा आणा, प्रत्येकीवर बॅटरीच्या अगदी जवळ १५ अँपिअरचा फ्यूज बसवा आणि त्या दोन रिलेंच्या ३० क्रमांकाच्या पिनांना जोडा. ८७ वरून दिव्यांना, ८६ ला हेडलाइटची जुनी तार, ८५ ला अर्थिंग. जुनी तार आता फक्त रिले चालू करते, त्यामुळे स्विचही टिकतो. हॅलोजनच्या परावर्तकात एलईडी बल्ब बसवू नका. प्रकाशाचा बिंदू मूळ जागी पडत नाही, समोरच्याचे डोळे दिपतात आणि तुम्हाला मात्र लांबचं दिसत नाही.

प्रश्न: भार पेलावा म्हणून मागे दोन्हीकडे एकेक जादा पाटा घातला. आता गाडी भरली की ब्रेक कमी लागतो. शू नवे आहेत, हवाही काढली आहे.

मागच्या अ‍ॅक्सलपासून चेसिसवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत दांडी किंवा स्प्रिंग गेलेली दिसते का, ते पाहा. तो भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह आहे. चेसिस खाली बसली की तो गाडी भरली आहे असं समजून मागे जास्त दाब सोडतो. जादा पाट्यामुळे तुमची चेसिस आता पूर्वीइतकी बसत नाही. गाडी भरलेली असूनही व्हॉल्व्ह तिला रिकामीच धरतो. दांडीची लांबी किंवा तिचा ब्रॅकेट वाढलेल्या उंचीइतका जुळवून घ्यावा लागेल. बहुतेक मॅन्युअलमध्ये त्याचं माप दिलेलं असतं. व्हॉल्व्ह काढून थेट पाइप जोडण्याचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. रिकाम्या गाडीची मागची चाकं ओल्या रस्त्यावर जाम होतील आणि गाडी आडवी फिरेल. जुन्या गाड्यांत हा व्हॉल्व्ह गंजून अडकलेलाही असतो, तेव्हा दांडी हाताने हलते का हेही बघा. काही गाड्यांत त्यालाच हवा काढण्याचा वेगळा निपल असतो आणि तो हमखास राहून जातो.

ब्रेकचं काम काढलंच आहे, तर रबरी होजही बदला. ते आतून सुजतात: दाब जातो, पण परत येत नाही आणि चाक धरून राहतं. धरलेल्या चाकाचा निपल उघडताच चाक मोकळं झालं तर होज किंवा त्यामागची लाइन तुंबली आहे. निपल उघडूनही धरूनच राहिलं तर व्हीलसिलिंडर किंवा शू अडकला आहे. ड्रमचा व्यास मोजून तो ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासाशी ताडून पाहा. त्यापुढे गेलेला ड्रम टर्निंग करून वाचत नाही.

पाट्यांविषयी दोन गोष्टी. एकदा सोडलेले यू-बोल्ट ताणलेले असतात, नवेच घ्या. ते आलटूनपालटून आवळा आणि काहीशे किलोमीटरांनंतर पुन्हा आवळा. रबरी बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळायचे. गाडी घोडीवर असताना आवळले, तर खाली उतरवल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. जादा पाट्याने गाडीची मान्य भारक्षमता वाढत नाही, हेही ध्यानात ठेवा. अ‍ॅक्सल, बेअरिंग आणि ब्रेक तेच आहेत.

प्रश्न: चढावर इंजिन तापतं. थर्मोस्टॅट काढून टाकू का?

काढू नका. थर्मोस्टॅट इंजिनाचं तापमान ठरावीक पातळीवर ठेवतो. डिझेल इंजिन थंड चाललं की ऑइल पातळ होत नाही, सिलिंडरची झीज वाढते. आधी कधी तापतं ते नोंदवा. उभ्या गाडीत तापत असेल तर पंखा किंवा पंख्याचा क्लच. वेगात किंवा चढावर तापत असेल तर रेडिएटर आतून तुंबला आहे किंवा खालचा होज शोषला जाऊन चपटा होतो आहे. रेडिएटरचं झाकणही बदला, ते दाब धरत नसेल तर पाणी लवकर उकळतं. एवढं करूनही वरच्या होजमध्ये थंड इंजिन सुरू करताच दाब भरत असेल, तर हेड गॅस्केटकडे बघा. भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं.

प्रश्न: मोठे टायर आणि टर्बो, दोन्ही मनात आहेत. आधी काय करू?

टर्बो विसरा. टर्बोसाठी न बनवलेल्या इंजिनाच्या पिस्टनला खालून ऑइलचा फवारा बहुधा नसतो, कॉम्प्रेशन जास्त असतं आणि उष्णतेने आधी गॅस्केट, मग पिस्टन जातो. तेवढ्या पैशांत नोझल आणि पंपाची नीट दुरुस्ती होते आणि जुन्या इंजिनाची हरवलेली ताकद बरीचशी परत मिळते.

टायरचं आधी गणित करा. २१५/७५ आर १५ चा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर, २३५/७५ आर १५ चा सुमारे ७३३. फरक जेमतेम ४ टक्के, गाडी तो पचवते. स्पीडोमीटरवर ६० दिसताना खरा वेग ६२ ते ६३ असेल. २६५/७५ आर १५ वर गेलात तर व्यास १० टक्क्यांहून जास्त वाढतो. प्रत्येक गिअर तितकाच लांब होतो, चढावर क्लच जळतो आणि ब्रेकलाही जास्त जोर लावावा लागतो.

प्रश्न: दुसरा गिअर टाकताना खरखरतो. गिअरबॉक्स उघडावाच लागेल?

क्लच पूर्ण सुटतो का आणि आत कोणतं ऑइल आहे, हे आधी पाहा. जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल मागणाऱ्या बॉक्समध्ये जीएल-५ भरलेलं असतं, असं वारंवार दिसतं. ते अधिक निसरडं असल्याने सिंक्रोच्या (गिअरचा वेग जुळवणाऱ्या) पितळी रिंगा गिअर पकडू शकत नाहीत आणि त्यातल्या गंधकयुक्त रसायनांनी पितळही झिजू शकतं. योग्य ऑइल भरून काही दिवस चालवा. तरी खरखर राहिली तर उघडा.

प्रश्न: रंग घरी मारता येईल का?

टू-के रंग (हार्डनर मिसळून वापरायचा रंग) घरी फवारू नका. त्याच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसांना कायमची इजा करू शकतं. कापडी किंवा धुळीचा मास्क तिथे काहीच कामाचा नाही, बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क लागतो. कामाच्या गाडीला साधा सिंथेटिक इनॅमल फोमच्या रोलरने छान बसतो: पातळ करून चार-पाच हलके हात, दर दोन हातांनंतर पूर्ण वाळवून ६०० ते ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने ओलं घासायचं. हौद्यात रबरी मॅट घालणार असाल तर खाली पट्ट्या ठेवून ती थोडी उचला. एरवी तिच्याखाली पाणी साचतं आणि नवा पत्राही त्याच जागी कुजतो.