इतिहास आणि पुरातत्त्व एकत्र शिकण्यासाठी ब्रिटनला यावे का?

बारावीनंतर थेट ब्रिटनला येऊन इतिहास आणि पुरातत्त्व यांची संयुक्त पदवी घ्यावी, की आधी महाराष्ट्रात बी.ए. करावे, असे तुम्ही विचारले आहे. शुल्क, व्हिसा, बँकेतली शिल्लक, क्षयरोगाची चाचणी हे सगळे सरकारी संकेतस्थळावर आहे आणि माझ्या माहितीपेक्षा ताजे आहे, म्हणून ते सोडून देते. मी हीच पदवी इथे घेतली आणि इथेच नोकरीला लागले. तुमचा प्रश्न वाचल्यापासून माझा स्वतःशीच वाद चालू आहे, तेव्हा उत्तर थोडे लांबेल.

माहितीपत्रक वाचून वाटते की दोन विषय एकजीव करून शिकवतात. प्रत्यक्षात ते दोन स्वतंत्र विभाग असतात. इतिहासाचे अध्यापक तळटीपांनी भरलेले निबंध मागतात, पुरातत्त्वाचे अध्यापक थरांची रेखाटने आणि अहवाल मागतात, आणि दोघांनाही आपला विद्यार्थी अर्ध्या वेळेचा आहे हे सहसा आठवत नाही. विषय खरोखर जुळतात ते एखाद्या स्थळावर. यॉर्कशरमधले वॉरम पर्सी हे मध्ययुगात उजाड झालेले गाव याचे उत्तम उदाहरण आहे. मॉरिस बेरेसफर्ड हे आर्थिक इतिहासाचे अभ्यासक आणि जॉन हर्स्ट हे पुरातत्त्वज्ञ यांनी तिथे १९५० पासून १९९० पर्यंत दर उन्हाळ्यात उत्खनन चालवले. जमीन मेंढ्यांच्या कुरणांसाठी हवी म्हणून अखेरची कुटुंबे १५०० च्या सुमारास गावातून काढली गेली, इतके कागदांवरून समजते; पण त्यांच्या घरांची बांधणी, दफनभूमीतल्या हाडांवर उमटलेले आजार आणि गावाच्याही आधीची वस्ती यांची नोंद कुठल्याच दस्तात नव्हती. शिवाय ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांची चौकोनी खड्डे घेऊन मधल्या मातीच्या भिंती राखण्याची पद्धत बाजूला ठेवून मोठे क्षेत्र एकत्र उघडण्याची रीत तिथे लवकर रुजली. आपल्याकडे व्हीलर यांचीच पद्धत मुरलेली असल्याने, इथे शिकून परतणाऱ्याला पहिल्याच हंगामात हात नव्याने बसवावा लागतो.

कागदपत्रांबद्दल एकच सांगते, कारण त्याचा राग अजून गेलेला नाही. आपल्या जुन्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव अशी रीत होती. इथल्या कार्यालयाने माझे आडनाव हेच माझे पाळण्यातले नाव समजून घेतले, वडिलांचे नाव आडनावाच्या रकान्यात टाकले आणि मग पारपत्राशी मेळ बसत नाही म्हणून मलाच खुलासा मागितला. मी प्रतिज्ञापत्र दिले, तर त्यांनी प्रतिज्ञापत्रावरच्या नावाचा पुरावा मागितला. तुमच्या सर्व कागदांवरची नावे निघण्यापूर्वीच एकसारखी करून घ्या.

एकटेपणाविषयी लोक फार लिहितात. तो असतो, नोव्हेंबरमध्ये जास्त असतो, आणि कामाला लागले की सोसवतो.

मुलीच्या शाळेचे मात्र मला सोसवले नाही. इंग्लंडच्या प्राथमिक अभ्यासक्रमात अश्मयुगापासून लोहयुगापर्यंतचा ब्रिटन, रोमन, अँग्लो-सॅक्सन आणि व्हायकिंग हे सगळे येते. प्राचीन संस्कृतींपैकी एकीचा सखोल अभ्यास असतो आणि त्यासाठी सुमेर, सिंधू, इजिप्त आणि चीनमधले शांग राजघराणे असे पर्याय आहेत. म्हणजे सिंधू संस्कृती छापील यादीत आहे. तिच्या शाळेने इजिप्त निवडले. मी भेटून विचारले, वर्गात खापरे घेऊन येण्याची तयारी दाखवली, तेव्हा इजिप्तचे साहित्य आधीपासून तयार आहे असे सौजन्याने सांगण्यात आले. त्यांची अडचण मला कळते. तरीही, ज्या बाईचा पोटापाण्याचा धंदाच जमिनीतून भूतकाळ काढण्याचा आहे, तिच्या मुलीला ममी कशी बांधतात हे तोंडपाठ असावे आणि मोहेंजोदडो कुठे आहे हे आईने जेवताना सांगावे लागावे, याची चीड वर्षे लोटली तरी कमी होत नाही.

कारण प्रश्न तिच्या शाळेपुरता नाही, माझ्याही शिक्षणाचा आहे. इथली पदवी तुम्हाला इथल्या मातीसाठी घडवते. रोमन काळातले लाल चकचकीत खापर मी बोटांनी ओळखते. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावचे, ताम्रपाषाण काळातले जोर्वे पद्धतीचे खापर मी संग्रहालयाच्या काचेपलीकडूनच पाहिले आहे. सोळाव्या शतकातले वळणदार इंग्रजी हस्ताक्षर मी वाचते. मोडी अडखळत वाचते, आणि पेशवे दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, पुण्यात आहेत. पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया लंडनला शिकत असताना इंग्लंडमधल्या मेडन कॅसल या लोहयुगीन गढीवर व्हीलर यांच्या उत्खननात काम शिकले आणि परत येऊन १९३९ मध्ये डेक्कन कॉलेजात रुजू झाले. मी परतले नाही. १९९० पासून इंग्लंडमध्ये बांधकामापूर्वीच्या उत्खननाचा खर्च बहुधा विकासकाकडून घेतला जातो, त्यामुळे पगार बेताचा असला तरी काम मिळते, आणि मिळालेले काम सोडून जाणे मला जमले नाही. ते चूक होते असे मी म्हणणार नाही. पण कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती पाहताना, तिच्या रोमन बाजूबद्दल मला तासभर बोलता येते आणि ती ज्या पंचगंगेकाठच्या वस्तीत आली तिच्याबद्दल फार थोडे, हे माझ्याच गावात उभे राहून मान्य करावे लागते.

म्हणून माझे मत असे की आधी बी.ए. तिकडे करा, मोडी शिका, शक्य झाल्यास एखाद्या उत्खननात एक हंगाम काम करा, आणि एम.ए.साठी इथे या. इंग्लंडमध्ये ते बहुधा एका वर्षात होते. तरीही आत्ताच यायचे ठरलेच, तर रोमन व्यापाराचे विषय घ्या, कारण पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या समुद्री व्यापाराच्या ग्रीक मार्गदर्शिकेमध्ये पैठण आणि तेर यांची नावे आहेत आणि तिथे इथले शिक्षण आपल्या मातीला भिडते. विभाग टिकणार आहे का, याचीही चौकशी करा. शेफील्ड विद्यापीठाने आपला नावाजलेला पुरातत्त्व विभाग बंद करण्याचा निर्णय २०२१ मध्ये घेतला होता. उत्खननाचे किती आठवडे संयुक्त विद्यार्थ्यांना मिळतात, त्यांचा खर्च कोण करते आणि दख्खनवर प्रबंध लिहायचा झाल्यास मार्गदर्शन कोण करेल, हे दोन्ही विभागांना वेगवेगळे विचारा आणि लेखी उत्तर हाती येईपर्यंत अनामत रक्कम भरू नका.