हार्टब्लीड या सुरक्षेतल्या बगनंतर सगळे पासवर्ड लगेच बदलायचे का?
लगेच नको, आधी ज्या साइटचा पासवर्ड आहे तिने सर्व्हर अपडेट केलाय का ते बघा. एप्रिल २०१४ मधे उघड झालेला हा बग ओपनएसएसएलमधला, म्हणजे साइटशी होणारी देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला. हल्लेखोर सर्व्हरला म्हणतो चार अक्षरं परत पाठव पण लांबी सांगतो ६४ हजार, आणि सर्व्हर न तपासता मेमरीत शेजारी पडलेलं कुणाचा पासवर्ड, कुणाची कुकी (लॉगिन लक्षात ठेवणारी खूण) सगळं देऊन टाकतो. म्हणजे दुरुस्तीआधी बदललात तर नवा पासवर्डच गळायचा. साइटचा पॅच (दुरुस्ती) झालाय आणि तिने सर्टिफिकेटही (साइटचा डिजिटल ओळख-दाखला) नवीन घेतलंय, मग बदला, पहिला ईमेलचा कारण बाकीच्यांचे रीसेट तिथेच येतात. टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं लॉगिन) पण चालू करा. आणि प्लीज, "पासवर्ड बदला" म्हणून आलेल्या मेलमधल्या लिंकवर क्लिक करू नका, पत्ता स्वतः टाइप करा.