लहान मुलांसाठी टूथपेस्ट निवडताना नेमके काय पाहावे?

आपली मुलगी साडेतीन वर्षांची आणि मुलगा सव्वा वर्षाचा आहे, आपण यवतमाळ जिल्ह्यात राहता आणि घरी बोअरचे पाणी पिता. दुकानदार फ्लोराइड नसलेली पेस्ट घ्या म्हणतो, तर सासूबाईंच्या मते मंजन पुरेसे आहे; अशा वेळी काय घ्यावे, हा आपला प्रश्न आहे. मी विदर्भातच लहान मुलांच्या दातांवर उपचार करते आणि हा प्रश्न मला अनेक पालक विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खोक्यावरचे कार्टून, स्ट्रॉबेरीचा स्वाद किंवा ‘नैसर्गिक’ हा शब्द यांवरून पेस्ट दातांना किडीपासून किती वाचवील हे कळत नाही. ते कळते ट्यूबवर बारीक अक्षरांत छापलेल्या एका आकड्यावरून, म्हणजे फ्लोराइडच्या पीपीएममधील (दहा लाख भागांत किती भाग) प्रमाणावरून. आपल्याकडील नियमांनुसार टूथपेस्टमध्ये १००० पीपीएमपेक्षा जास्त फ्लोराइड घालता येत नाही, आणि जे घातले असेल त्याचे प्रमाण व पेस्टची अंतिम मुदत ट्यूबवर आणि खोक्यावर अशी दोन्हीकडे छापावी लागते. मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये हे प्रमाण बरेच कमी असते, तर काहींमध्ये फ्लोराइड मुळीच नसते. २०१० मध्ये कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने मुलांवरील चाचण्यांचा जो एकत्रित आढावा प्रसिद्ध केला, त्यात १००० पीपीएम व त्याहून अधिक प्रमाणाच्या पेस्टमुळे कीड कमी झाल्याचे स्पष्ट दिसले. ५५० पीपीएम आणि त्याखालच्या पेस्टबाबत तसे सिद्ध झाले नाही. म्हणून सर्वसाधारणपणे मी पहिल्या दातापासूनच १००० पीपीएमची पेस्ट सुचवते. घरातल्या मोठ्यांची पेस्ट त्या प्रमाणाची असेल आणि मुलांना ती झोंबत नसेल, तर तीसुद्धा चालते.

मुले पेस्ट गिळतात ही आपली काळजी रास्त आहे, परंतु तिचे उत्तर पेस्ट बदलण्यात नसून ती किती घ्यावी यात आहे. तीन वर्षांखालील मुलासाठी ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. जाहिरातीत ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जी लांबलचक पेस्ट काढलेली दिसते, ती लहान मुलांच्या बाबतीत अजिबात अनुकरणीय नाही. १००० पीपीएम म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम फ्लोराइड. तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट साधारण ०.१ ग्रॅम भरते, म्हणजे आपल्या मुलाने सकाळ-संध्याकाळची सगळी पेस्ट गिळली तरी दिवसाला ०.२ मिलिग्रॅम फ्लोराइड पोटात जाईल. वाटाण्याएवढी पेस्ट ०.२५ ग्रॅम धरली, तर मुलीच्या बाबतीत हाच आकडा ०.५ मिलिग्रॅम होतो. मुलीला थुंकायला शिकवावे, मात्र थुंकल्यावर भरपूर पाण्याने चुळा भरायला लावू नये, कारण त्यामुळे दातांवर राहायला हवे ते फ्लोराइड धुऊन जाते. पेस्ट नेहमी मोठ्या माणसाने काढून द्यावी आणि मूल सात-आठ वर्षांचे होईपर्यंत ब्रशही मोठ्यांनीच करून द्यावा किंवा निदान त्यांच्या देखरेखीखाली व्हावा. रात्री लाळ कमी सुटत असल्यामुळे झोपण्यापूर्वीचा ब्रश सर्वांत महत्त्वाचा असतो, आणि त्यानंतर दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवू नये.

घटकांच्या यादीकडेही एकदा नजर टाकावी. पेस्टमध्ये कॅल्शियम कार्बोनेट असेल, तर फ्लोराइड सोडियम मोनोफ्लुरोफॉस्फेटच्या रूपात असलेले चांगले, कारण सोडियम फ्लोराइड कॅल्शियमशी बांधले जाऊन बरेचसे निरुपयोगी होते. सोडियम फ्लोराइड असलेल्या पेस्टमध्ये सिलिका हवी. कोळशाच्या आणि दात पांढरे करणाऱ्या पेस्ट मुलांना देऊ नयेत. ट्यूबच्या टोकाशी असलेल्या हिरव्या, लाल किंवा काळ्या पट्टीवरून घटक ओळखता येतात असा संदेश मोबाइलवर फिरतो, पण ती पट्टी कारखान्यातील यंत्राला ट्यूब कुठे कापायची ते कळावे यासाठी असते.

मंजनाबाबत सासूबाईंना दुखवण्याचे कारण नाही, पण बहुतेक मंजनांत फ्लोराइड नसते आणि जाडसर पूड बोटाने घासल्यास दातांचे कवच झिजू शकते. मशेरीचा मात्र मुलांच्या तोंडाला स्पर्शही होऊ नये, कारण ती तंबाखूच आहे. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरण्यास भारतात १९९२ पासून बंदी आहे.

आपल्या प्रश्नात मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट टूथपेस्ट नसून बोअरचे पाणी आहे. यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आढळते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालावे, असे भारतीय मानक सांगते. समजा आपल्या पाण्यात लिटरमागे ३ मिलिग्रॅम असेल, तर दिवसभरात एक लिटर पाणी पिणाऱ्या मुलाच्या पोटात त्यातूनच ३ मिलिग्रॅम जातील. वर मांडलेल्या पेस्टच्या हिशेबापुढे हे प्रमाण कितीतरी मोठे आहे. पुढचे कायमचे दात हिरडीच्या आत घडत असतात तो काळ, विशेषतः पहिली तीन वर्षे, यासाठी फार नाजूक असतो. त्या वयात जास्त फ्लोराइड पोटात गेले, तर पुढे येणाऱ्या दातांवर पांढरे किंवा तपकिरी डाग पडतात. आपला मुलगा आज नेमका त्याच वयात आहे.

म्हणून आधी पाण्याचा नमुना तपासून घ्यावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत ही तपासणी होते. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. साध्या कँडलच्या फिल्टरचाही उपयोग होत नाही, आरओ मात्र त्याचा बराचसा भाग काढून टाकतो. अहवालातील आकडा मर्यादेत असेल, तर दोघांनाही निःशंकपणे १००० पीपीएमची पेस्ट वर सांगितलेल्या मापाने द्यावी. तो १.५ च्या वर गेला, तर पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी लगेच बदलावे, आणि अहवाल सोबत घेऊन दोन्ही मुलांना दंतवैद्याकडे न्यावे, म्हणजे मुलाला कोणत्या प्रमाणाची पेस्ट द्यायची हे त्याचे दात आणि पाण्याचा आकडा दोन्ही पाहून ठरवता येईल.