लायसन, ट्रॉली आणि सातबारा: वाचकांचे प्रश्न

सोयाबीन निघालं आणि कापूस फुटायला लागला की या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांचा रंग बदलतो. फेरफार आणि वाटणीचे प्रश्न मागे पडतात, ट्रॅक्टरचे पुढे येतात. मी अपघात दाव्यांचं काम करणारा वकील, म्हणून उत्तरंही त्याच बाजूनं देतो. नाक्यावरच्या शिपायापेक्षा मला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातला कागद जास्त दिसतो.

माझ्याकडे कारचं लायसन आहे. परवा सोयाबीन घेऊन कारंजा मार्केटला जात होतो, तर पोलिसानं अडवलं. म्हणे ट्रॅक्टरचं वेगळं लागते, अन् ट्रॉली जोडली म्हणून कमर्शिअल लागते. खरं काय? (मानोरा, जि. वाशिम)

भाऊ, तुमचं लायसन चालतं. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये हलक्या मोटार वाहनाची जी व्याख्या आहे, तिच्यात ट्रॅक्टरचं नावच घेतलं आहे. अट एवढीच की रिकाम्या ट्रॅक्टरचं वजन ७,५०० किलोच्या आत हवं. आपल्याकडचे शेतीचे ट्रॅक्टर दोन-अडीच टनांचे असतात. कार्डावर ‘एलएमव्ही’, म्हणजे हलकं मोटार वाहन, असेल तर ट्रॅक्टर त्यात आला. उलटं मात्र नाही. नुसतं ट्रॅक्टरचं लायसन दाखवून कार चालवता येत नाही.

ट्रॉलीचा वाद जुना आहे. सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये नागशेट्टी खटल्यात सांगितलं की ट्रॅक्टरचं लायसन असलेला माणूस मागे ट्रॉली जोडली म्हणून अपात्र ठरत नाही. २०१७ च्या मुकुंद देवांगन निकालानं हलक्या वाहनाच्या लायसनवर ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहनही चालवता येईल असं ठरलं आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तेच कायम केलं. हे कात्रण डिक्कीत ठेवा, पण रस्त्यावर वाद घालू नका. चलान झालंच तर उत्तर लेखी द्या.

एक मात्र बघा. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर ट्रॅक्टरचा नंबर आहे का? कायद्यात कलम ६१ नुसार तो लागतो, आणि ट्रॉलीचा स्वतःचा नंबर वेगळा. आपल्या भागात मागून बघितलं तर निम्म्या ट्रॉल्यांवर ‘आईचा आशीर्वाद’ दिसतो, नंबर दिसत नाही. ट्रॉलीत कापूस भरून ताडपत्री टाकली की मागचे लाल रिफ्लेक्टरही झाकले जातात. रात्री जिनिंगसमोर ट्रॅक्टरची रांग लागते तेव्हा मोटरसायकलवाल्याला तुमची ट्रॉली दिसतच नाही. माझ्याकडे येणारे कितीतरी दावे तिथूनच सुरू होतात.

गुढीपाडव्याला नवा सालगडी ठेवला. ट्रॅक्टर चांगला चालवतो, पण लायसन काढलं नाही. दंड झाला तर तो भरेल, असं ठरलं आहे. चालेल का? (घाटंजी, जि. यवतमाळ)

नाही. दंड दोघांना होतो. लायसन नसताना गाडी चालवली म्हणून त्याला कलम १८१ खाली ५,००० रुपये, आणि लायसन नसलेल्याच्या हातात गाडी दिली म्हणून मालकाला कलम १८० खाली ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तुमच्या दोघांतला करार कोर्टावर बंधनकारक नाही.

दंड ही तर चिल्लर आहे. समजा तुमच्या ट्रॅक्टरखाली वाटसरू सापडला. न्यायाधिकरण त्याच्या कुटुंबाला भरपाई देतं. चालकाकडे लायसन नव्हतं हे निघालं की विमा कंपनी बहुतेक वेळा त्या कुटुंबाला पैसे देते आणि तेच पैसे तुमच्याकडून वसूल करते. कोर्टाच्या भाषेत याला ‘आधी भरा, मग वसूल करा’ म्हणतात. कलम १७४ प्रमाणे ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होऊ शकते, म्हणजे प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडून तहसीलमार्गे तुमच्या सातबाऱ्यावर येतं. शेतकऱ्याला हे पटायला वेळ लागतो, कारण विमा भरला आहे ना, असं तो म्हणत राहतो.

मग करायचं काय? लायसन असलेलाच माणूस ठेवा. कार्ड हातात घेऊन बघा आणि त्याचा नंबर व जन्मतारीख टाकून सरकारच्या ‘सारथी’ पोर्टलवर तपासा. २००४ च्या स्वर्णसिंग निकालात न्यायालयानं असं पाहिलं आहे की मालकानं पुरेशी काळजी घेतली होती का. कार्ड पुढे खोटं निघालं तरी तुम्ही तपासल्याचा पुरावा तुम्हाला उपयोगी पडतो. आणि तुमच्या या गड्याला शिकाऊ लायसन काढून द्या. ते मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या लायसनची परीक्षा देता येते.

आमचा पोरगा सोळा वर्षांचा आहे. शेतात वखर, पेरणी सगळं ट्रॅक्टरनं करतो. घरून वावरात जायला फक्त पांदण रस्ता लागतो. एवढ्यासाठी लायसन लागते का? (आर्णी, जि. यवतमाळ)

प्रश्न छान आहे. लायसनची सक्ती ‘सार्वजनिक ठिकाणी’ गाडी चालवण्यासाठी आहे. स्वतःच्या वावरात, धुऱ्याच्या आत, त्या कलमाचा प्रश्न येत नाही. पण जिथं लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे ते सार्वजनिक ठिकाण, मग तिथं डांबर असो की चिखल. पांदण रस्ता त्यातच येतो. ट्रॅक्टर वावरातच ठेवला आणि पोरगा पायी गेला, तरच तुमचं म्हणणं टिकेल.

सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलचं लायसन मिळतं. ट्रॅक्टरसाठी अठरा पूर्ण हवीत. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १९९-अ मी वाचून दाखवतो तेव्हा बापाचा चेहरा उतरतो. अल्पवयीन मुलाकडून गुन्हा घडला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि पोराला वयाची पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन नाही. मला माहीत नव्हतं, हे तुम्हीच सिद्ध करायचं. रोज स्वतःच्या हातानं चावी देणाऱ्या बापाला ते कसं जमणार?

कायदा बाजूला ठेवून सांगतो, वावरातही जपून. धुऱ्यावर एक चाक चढलं की ट्रॅक्टर उलटायला क्षण लागत नाही.

वेचणीला बायका न्यायला ट्रॉलीच वापरतो. गावातल्या सगळ्यांचं असंच आहे. दुसरा उपाय काय? (हिंगणघाट, जि. वर्धा)

दादा, तुमची अडचण कळते. मजूर शेजारच्या गावातून आणायचा, ऑटोवाला दोन फेऱ्यांचे पैसे मागतो आणि ट्रॉली दारात उभी असते. तरीही नको. ट्रॅक्टरवर आसन एकच, चालकाचं. मडगार्डवर बसलेला पाहुणाही त्यात धरत नाहीत, ट्रॉलीतल्या पंधरा बायका तर लांबच. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं आशाराणी प्रकरणात २००२ मध्ये सांगितलं. १९९४ च्या दुरुस्तीनं मालवाहू गाडीतल्या मालाच्या मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला संरक्षण मिळालं. वेचणीची मजूर त्यात बसत नाही.

काही पॉलिसींत जादा हप्ता भरून मजुरांची जोखीम घेतलेली असते. तुमच्या पॉलिसीत मजुरांची संख्या छापली आहे का ते बघा. नसेल तर एजंटच्या तोंडी शब्दावर विसंबू नका. आणि ऑटोचं भाडं मजुरीतच धरून तीन-चार शेतकऱ्यांनी वाटून घ्या. शेगावच्या वारीला, लग्नाला ट्रॉली जोडणाऱ्यांनाही हेच उत्तर.

संत्र्यासाठी पिकअप घेतली. मुलगा तेवीसचा, लायसन कारचं. बॅज (व्यावसायिक चालकाचा बिल्ला) काढावा लागेल? (वरुड, जि. अमरावती)

आरसी बुकात एकूण वजन, म्हणजे गाडी आणि माल मिळून, ७,५०० किलोच्या आत असेल तर नाही. छोटा हत्ती आणि पिकअप सहज बसतात. पुढे मोठी आयशर घेतली आणि वजन वर गेलं तर ट्रान्सपोर्टचं लायसन लागेल. त्याचं शिकाऊ लायसन मिळायला हलक्या वाहनाचं लायसन किमान एक वर्ष जुनं हवं. पिवळी पाटी, फिटनेस आणि विमा मात्र घरचा माल नेला तरी लागतोच.

वडिलांचं वय ५८. लायसन संपून चौदा महिने झाले. (भंडारा)

एक वर्ष उलटलं, म्हणून आता नुसतं नूतनीकरण होणार नाही, चालवण्याची परीक्षा पुन्हा द्यावी लागेल. डॉक्टरचं प्रमाणपत्र, म्हणजे नमुना १-अ, सोबत लागेल. पुढचं लायसन पाच वर्षांचं मिळेल. तोपर्यंत धानाची ट्रॉली दुसऱ्या कुणाला चालवू द्या. मुदत संपल्यावर पूर्वी तीस दिवसांची जी सवलत होती ती आता नाही.

मी चौथी शिकलो. मालवाहू गाडीचं लायसन मिळेल का? (चिमूर, जि. चंद्रपूर)

मिळेल. आठवी पासची अट २०१९ मध्येच काढली आहे. कुणी एजंट शाळेचा दाखला काढून देतो म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका.