समकालीन कला शिकणाऱ्यांना तरी ती खरंच कळते का?

तुम्ही विचारलंय की भिंतीला चिकटवलेलं केळं, खोलीभर पसरलेल्या चिंध्या, अंधारात चाललेला मुका व्हिडिओ, हे कला शिकणाऱ्या मुलांना तरी कळतं का, की सगळे नुसती मान हलवतात? आणि जो तो विस्थापन, ओळख, स्मृती यांच्याच मागे का लागलाय?

मी मुंबईतल्या एका कला महाविद्यालयात पेंटिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. निम्म्या वेळा मलाही कळत नाही. मान हलवायला मात्र मी पहिल्याच वर्षी शिकले. स्टिल लाइफपेक्षा, म्हणजे समोर मांडलेल्या वस्तू बघून काढण्यापेक्षा, ते फार सोपं जातं.

केळ्याचं आधी उरकून टाकते. मॉरिझिओ कॅटेलान या इटालियन कलाकाराने २०१९ मध्ये मायामीच्या कलाबाजारात ते भिंतीला चिकटपट्टीने लावलं आणि किंमत सांगितली १ लाख २० हजार डॉलर. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याचे ६२ लाख डॉलर आले. घेणाऱ्याला मिळतं ते प्रमाणपत्र आणि केळं कसं लावायचं याच्या सूचना. सडलं की नवीन आणायचं. बाजार स्वतःवरच हसतो आणि त्या हसण्याचेही पैसे लावतो, एवढाच विनोद मला त्यात दिसला. एकदा हसले, झालं. पण बातम्यांत फक्त केळंच येतं, त्यामुळे बाहेरच्या माणसाला वाटतं की आम्ही चार वर्षं हेच शिकतो.

आता दुसरं उदाहरण. घाटकोपरला वाढलेले चित्रकार अतुल दोडिया २००० नंतर दुकानाच्या लोखंडी शटरवर चित्रं काढायला लागले. त्यातल्या एकावर महालक्ष्मी आहे, रविवर्म्याच्या तसबिरीतली असते तशी, आपल्या प्रत्येक दुकानात टांगलेली. शटर वर ओढलं की आतल्या चित्रात गळफास घेतलेल्या तीन बहिणी. हुंड्यापायी झालेल्या आत्महत्यांवरचं हे चित्र. याला कुठली कन्सेप्ट नोट, म्हणजे कामाचा अर्थ सांगणारी चिठ्ठी, लागते? लक्ष्मी, शटर, हुंडा. रोज सकाळी शटर उघडून उदबत्ती लावणाऱ्या किराणा दुकानदाराला ते माझ्या आधी कळेल. शटर तिथे सजावटीला आलेलं नाही, अर्धं म्हणणं तेच सांगतं. मला समकालीन कला पहिल्यांदा ‘लागली’ ती इथे.

तोवर माझी चित्रकला वेगळी होती. मी इचलकरंजीची. आमच्या भागात चित्रकला म्हणजे आबालाल रहमान, बाबूराव पेंटर हे कोल्हापूरचे जुने चित्रकार, आणि कोल्हापूरला पंचगंगेच्या घाटावर किंवा रंकाळ्यावर बसून केलेलं जलरंगातलं लँडस्केप. शाळेत इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला ए ग्रेड मिळाली, शेजारच्यांनी गणपतीचं चित्र मागितलं, आणि आपण चित्रकार झालो असं वाटलं. हुबेहूब येतं ना, मग अजून काय पाहिजे? मुंबईत आल्यावर वर्गात कुणी हुबेहूब काढलं की मुलं म्हणायची, “स्किल आहे.” ही शिवी असते हे कळायला मला सहा महिने लागले. (आणि ती शिवी असू नये असं माझं अजूनही मत आहे. हात बसलेला नसला की तो लपवायला मोठे शब्द लागतात.)

तिसऱ्या वर्षी ज्यूरीसाठी, म्हणजे सर फिरून कामं तपासतात त्या परीक्षेसाठी, मी विस्थापनावर इन्स्टॉलेशन केलं, म्हणजे जागेत वस्तू मांडून केलेलं काम. गोणपाट, काटेरी तार, मधोमध एक जुनी ट्रंक. ट्रंक क्रॉफर्ड मार्केटमधून आणली, कल्पना मोबाइलवर पाहिलेल्या दहा फोटोंतून. कन्सेप्ट नोट इंग्रजीत होती. त्यातले दोन शब्द मला धड उच्चारता येत नव्हते. सरांनी फेरी मारली, ट्रंकचं झाकण उघडून बघितलं आणि विचारलं, “कुणाची आहे ही?” मी म्हटलं, “कुणाचीही असू शकते, सर.” “म्हणजे कुणाचीच नाही,” म्हणाले, आणि पुढच्या मुलाकडे गेले. मार्क बरे मिळाले, ही त्यातली आणखी वाईट गोष्ट.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या मार्कांत आहे. रेसिडेन्सी (काही दिवस एखाद्या ठिकाणी राहून काम करायची संधी), शिष्यवृत्ती, प्रदर्शनासाठी मागवलेले अर्ज, सगळीकडे तीनशे शब्दांत ‘तुमच्या कामाचा विषय’ लिहावा लागतो. रंग लावता लावता काहीतरी सापडतं असं तिथे लिहून चालत नाही. मग जे शब्द मागच्या वर्षी निवडून आले, ते पुढच्या वर्षी चाळीस मुलं वापरतात.

उरलेलं अर्धं उत्तर मात्र मला आवडणारं आहे. पूर्वी ज्यांच्यावर चित्रं काढली जायची, त्यांच्या घरची मुलं आता स्वतः काढायला लागलीत. प्रभाकर पाचपुते चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे, खाणीच्या गावचे. त्यांच्या घरातल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या कोळशाच्या खाणीत काम केलेलं. ते गॅलरीच्या भिंतीवर थेट कोळशाने भलीमोठी चित्रं काढतात. डोक्याच्या जागी भलतंच काही उगवलेली माणसं, पोखरलेली जमीन. प्रदर्शन संपलं की भिंतीवर पुन्हा पांढरा रंग. चित्रकाराचा कोळसा लाकडाचा आणि खाणीतला दगडी, हे मान्य, पण हाताला लागणारं काळं सारखंच. त्यांनी विस्थापन हा शब्द वापरला तर मी ऐकून घेईन. माझ्या ट्रंकेने तो उधार आणला होता.

त्या दिवाळीत घरी गेले तर पप्पांनी माग विकलेले. आमचे आठ साधे यंत्रमाग होते. पप्पा खर्चीवाले, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, माग आपले, मजुरी पिकावर, म्हणजे कापडात किती आडवे धागे भरले त्यावर. नव्या बिनधोट्याच्या मागांपुढे ते परवडेनात, म्हणून भंगारात किलोच्या भावाने गेले. शेडमध्ये फक्त जमिनीतले बोल्ट आणि तेलाचे डाग. कोपऱ्यातल्या पोत्यात धोटे राहिले होते. धोटा कधी हातात घेतलाय? मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारी, वीतभराहून मोठी लाकडी होडीच असते, दोन्ही टोकांना लोखंडी चोच, पोटात सुताची कांडी, आणि धागा बाहेर यायला चिनी मातीचा बारीक डोळा. एका अंगाने तो इतका झिजलेला असतो की पॉलिश केल्यासारखा चमकतो.

मी बारा धोटे मुंबईला आणले, छताला टांगले, खालून दिवा सोडला. भिंतीवर सावल्या काय सुंदर पडल्या! सर म्हणाले, “धोटा सुंदर आहेच. तू काय केलंस त्याला?” मी गप्प. कॅफेवालेही असले धोटे टांगतात, हे मला नंतर दिसलं.

तेव्हा लायब्ररीत प्रभाकर बरव्यांबद्दल वाचत होते. जे. जे.मध्ये शिकलेला हा चित्रकार १९६१ मध्ये विणकरांसाठीच्या सरकारी वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरीला लागला आणि काही वर्षं बनारसला होता. पुढे त्याच्या चित्रांत घड्याळ, पान, शंख असल्या साध्या वस्तू येतात, पण ओळखीच्या ठिकाणी बसत नाहीत. मोकळ्या जागेत अशा ठेवलेल्या असतात की आपण त्यांच्याऐवजी त्यांच्यामधल्या रिकाम्या जागेकडेच बघत राहतो. मला धोट्यांपेक्षा ती रिकामी शेड आठवायला लागली.

मागाच्या खोलीत बोललेलं ऐकू येत नाही. आठ माग एकदम चालू असले की शेजारच्याच्या कानात ओरडूनही उपयोग नसतो. म्हणून आई आणि पप्पा पंचवीस वर्षं खुणांनी बोलले. कांडी संपली, धागा तुटला, जॉबरला (माग दुरुस्त करणाऱ्याला) बोलाव, जेवायला चल, सगळ्याला हाताच्या खुणा. मे महिन्यात मी आईला रिकाम्या शेडमध्ये उभं केलं आणि म्हटलं, त्या सगळ्या खुणा करून दाखव. ती पदर सावरून उभी राहिली, दोन-तीन खुणा केल्या आणि थांबली. “माग कुठं हायत आता? हात कशाला करू? बोलतो की सरळ.” (आमच्याकडं बायकाही ‘बोलतो’ म्हणतात.)

आवाज मी काढून टाकला, पण हे वाक्य म्हणतानाचे तिचे ओठ ठेवले. अकरा मिनिटांचा मुका व्हिडिओ. म्हणजे तुमच्या यादीतला अंधारातला मुका व्हिडिओ, तो माझाच समजा. प्रत्येक खुणेखाली मी मराठीत अर्थ लिहिला. या वेळी कन्सेप्ट नोट चार ओळींची होती आणि मला पाठ होती.

कॉलेजमधल्या डिस्प्लेला, म्हणजे आमच्या कामांच्या प्रदर्शनाला, येणं पप्पांना जमलं नाही, म्हणून व्हिडिओ फोनवर पाठवला. रात्री त्यांचा फोन आला. “चांगलं केलंयस. पण ते चौथं चुकलंय.” चौथ्या खुणेत आई तळहात छातीशी धरून दोनदा बाहेर झटकते. मी खाली लिहिलं होतं, ‘धागा तुटला’. पप्पा जरा घुटमळले. मग म्हणाले, “ते धागा तुटल्याचं न्हवं. दारात उधारीवाला आला की मी तिला करायचो ते. मी न्हाई म्हणून सांग.”

लहानपणी ती खूण मी शेकडो वेळा पाहिली असेल. त्यानंतर आई दाराकडे जायची आणि पप्पा मागच्या मोरीकडे, एवढंही आठवत होतं. जोडून कधी बघितलं नव्हतं. आता व्हिडिओ लावते तेव्हा रिकाम्या शेडमध्ये आई एकटीच उभी राहून कॅमेऱ्याला सांगतेय की तो घरात नाही.

‘धागा तुटला’ मी काढलं. त्या जागी खरा अर्थ घालणार होते, पण पप्पांनी लिहू नको म्हणून बजावलंय. तो उधारीवाला अजून आमच्याच गल्लीत राहतो, लग्नकार्यात भेटतो. त्यामुळे चौथ्या खुणेखाली सध्या काहीच नाही, आणि बघणारे मला येऊन विचारतात की इथे मुद्दाम मोकळं सोडलंय का. मी मान हलवते. तुम्हाला सांगितलं ते यासाठी की तो माणूस असली उत्तरं वाचत बसत नाही.