प्रियकर-प्रेयसी पळून जातात अशा क्राइम सिनेमांत कोणत्या नटाचं काम तुमच्या सर्वांत जास्त अंगावर आलं?

मार्टिन शीन, 'बॅडलँड्स', 1973. टेरेन्स मॅलिक यांचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा सिनेमा.

तुम्ही 'अंगावर येणारं काम' विचारलंय. या जातीच्या सिनेमांत तशी कामं पुष्कळ सापडतील. 'वाइल्ड अ‍ॅट हार्ट'मधला निकोलस केज आहे, 'नॅचरल बॉर्न किलर्स'मधला वुडी हॅरल्सन आहे, दोघेही जबरदस्त. शीन मात्र मुद्दाम अंगावर येत नाही. तो सबंध सिनेमाभर सभ्यपणे, हळू आवाजात बोलतो, आणि पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

गोष्ट थोडक्यात सांगतो. साल 1959, साउथ डकोटातलं एक लहानसं गाव. किट (म्हणजे शीन) 25 वर्षांचा, कचऱ्याच्या गाडीवर कामाला. होली 15 वर्षांची. तिच्या वडिलांना हे प्रकरण मंजूर नाही. किट त्यांना गोळी घालतो, घर पेटवून देतो आणि दोघं मोंटानाच्या दिशेने पळतात. वाटेत आणखी माणसं मरतात. 1957-58 मध्ये नेब्रास्कात चार्ल्स स्टार्कवेदर आणि कॅरिल अ‍ॅन फ्युगेट यांचं जे खरं खुनांचं प्रकरण घडलं, त्याच्यावर ही कथा सैलपणे बेतलेली आहे.

आता शीन काय करतो ते पाहा. वडिलांचं प्रेत तळघरात ठेवून किट वर येतो आणि होलीला सांगतो, खाली एक टोस्टर सापडला. बस एवढंच. थरथरणारा हात नाही, घाम नाही, चेहऱ्यावर पश्चात्तापाची रेषसुद्धा नाही. पुढे एका तरुण जोडप्याला तो जमिनीखालच्या कोठीत उतरवतो, दार लावतो आणि दारातूनच गोळ्या झाडतो. मग होलीला विचारतो, लागल्या असतील का गं? ती म्हणते, ठाऊक नाही. आणि तो म्हणतो, मी काही खाली बघायला जाणार नाही. बसमधल्या कंडक्टरने तिकीट फाडून द्यावं तितक्या भावनेने शीन हे वाक्य टाकतो. मी हा प्रसंग पुन्हा पुन्हा पाहिलाय, आणि दर वेळी त्या वाक्याशी थबकलोय.

मी स्वतः गोव्यात हौशी मराठी नाटकांत काम करतो, त्यामुळे मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आमच्याकडे देवळाच्या उत्सवात, जत्रेत नाटक होतं. समोर फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, भरलेली, खाज्यांच्या दुकानांवर गर्दी, मागे पोरांचा गलका. तिथे खलनायकाने आवाज चढवला नाही तर तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचतच नाही. दशावतारात संकासुर येतो तेव्हा सगळं देऊळ जागं होतं, ती ताकद मी मानतो आणि तिचा मला अभिमान आहे. पण त्याच सवयीने आमची तरुण पोरं नाट्यस्पर्धेच्या बंद नाट्यगृहातही डोळे वटारून, शिरा ताणून उभी राहतात. एकाने मला विचारलं होतं, "दादा, ओरडायचं नाही तर मग करायचं काय?" त्याला मी शीनचा किट दाखवला.

कारण तिथे करायला भरपूर आहे. किटला आपण जेम्स डीन या हॉलिवूडच्या नटासारखे दिसतो याचं वेड आहे. डीन 1955 सालीच गेला, पण किट अजून त्याच्यासारखाच उभा राहतो, तसेच केस वळवतो. बंदूक खांद्यावर आडवी टाकून दोन्ही हात तिच्यावर लोंबकळत ठेवतो, ती थेट 'जायंट' सिनेमातल्या डीनची ढब. म्हणजे शीनला एक असा माणूस उभा करायचा होता, जो स्वतःच चोवीस तास दुसऱ्याची नक्कल करतोय आणि आतून पोकळ आहे. नटाने नट साकारायचा, तोही बेताचा नट, आणि तरी पडद्यावर एक क्षणही खोटं वाटू द्यायचं नाही! हे काय दर्जाचं काम आहे ते ज्याने चेहऱ्याला रंग लावलाय त्याला लगेच कळेल.

पकडलं जाण्याचा भाग तर मी प्रत्येक नटाला पाहायला सांगेन. पोलिसांची गाडी मागे लागलेली असताना किट आरशात स्वतःला न्याहाळतो. मग स्वतःच्याच गाडीचं चाक गोळी घालून फोडतो, म्हणजे थांबायला कारण मिळावं. आपण इथे पकडले गेलो याची खूण म्हणून दगडांची रास रचतो. अटक झाल्यावर एक पोलिस म्हणतो, हा अगदी जेम्स डीनसारखा दिसतो, आणि शीनचा चेहरा असा खुलतो की बक्षीस मिळाल्यासारखा. विमानतळावर बेड्या घातलेला किट भोवतीच्या शिपायांना आपला कंगवा, लायटर असल्या वस्तू आठवण म्हणून वाटत सुटतो. इतकी माणसं मारलेला हा तरुण त्या शिपायांना आवडायला लागतो, आणि आपल्यालाही आवडतो. मला सर्वांत जास्त त्रास याच गोष्टीचा होतो, आणि तो त्रास शीनने एकही सूर न चढवता दिलेला आहे.

त्याला मोठ्या आवाजातलं जमत नव्हतं असं समजू नका. 1979 च्या 'अपोकॅलिप्स नाऊ'मध्ये हॉटेलच्या खोलीत आरसा फोडून रक्तबंबाळ होणारा माणूस तोच आहे. तो प्रसंग लोकांना पटकन आठवतो. माझ्या मते किट त्याहून मोठं काम आहे.

तुम्ही नटाबद्दल विचारलंत, पण होली झालेल्या सिसी स्पेसेकला वगळून हे उत्तर पुरं होत नाही. सगळी हकिकत होलीच्या आवाजात येते, शाळकरी मुलीने निबंध वाचावा अशा सपाट सुरात. किटच्या मित्राला पोटात गोळी लागलीय, तो मरायला टेकलाय, आणि ही त्याच्याजवळ बसून बाटलीतल्या कोळ्याची चौकशी करते. किटने स्वतःबद्दल रचलेल्या कहाणीवर विश्वास ठेवणारं एक माणूस हवं होतं, ते ती आहे. पुढे तिचा तो विश्वास उडतो. तेव्हा ती भांडत नाही, फक्त किटच्या बोलण्याकडे लक्ष देणं थांबवते, आणि शीनच्या चालीतला तोरा थोडा उतरलेला दिसतो.

पाहणार असाल तर हेडफोन लावून, इंग्रजी सबटायटल सुरू ठेवून पाहा. किट पुष्कळदा तोंडातल्या तोंडात बोलतो, आणि त्यातलं एकही वाक्य सुटता कामा नये.